हिरव्या टॅगची बॅग

"मी न्हाई उतरत," आजी म्हणाल्या. "तुमी बाकीच्यांचं उरका."

जहाजाच्या वरच्या मजल्यावरच्या बैठकीत, खिडकीशी ठेवलेल्या गुबगुबीत खुर्चीत त्या चक्क मांडी घालून बसल्या होत्या. अंगावर सुती नऊवारी, त्यावर सुनेनं बळेच घातलेला असावा असा गुलाबी स्वेटर, आणि खुर्चीखाली वहाणा नीट जोडून ठेवलेल्या. शेजारी त्यांचा मुलगा संपत उभा होता. वाशीच्या बाजारात पोती उचलून खांदे दरवाज्याएवढे झालेला गडी, पण आईपुढे रडकुंडीला आला होता.

"मॅडम, आता तुम्हीच समजवा," तो मला म्हणाला. "माझी बायको पोरांना घेऊन कधीच खाली गेली. आये ऐकतच नाही."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मुंबई बंदरात क्रूझ जहाजांच्या सामानाची सुपरवायझर होते. आडनाव तांडेल, जन्म माझगावच्या कोळीवाड्यातला, त्यामुळे जहाजावर चढायला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली होती. उतरायला नकार देणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते.

उतरण्याचा दिवस म्हणजे आमची परीक्षाच. आदल्या रात्री प्रवाशांनी आपल्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या, प्रत्येक बॅगेला रंगीत टॅग लावून. खलाशी त्या रातोरात तळाशी नेतात आणि सकाळी मोठमोठ्या लोखंडी पिंजऱ्यांत भरून धक्क्यावर उतरवतात. मग आमची टोळी त्या हॉलमध्ये रंगवार मांडते. लाल बॅगांची ओळ, पिवळ्यांची, निळ्यांची, हिरव्यांची. ज्या रंगाचा पुकारा होईल त्यांनी उतरायचं, आपापली बॅग घ्यायची आणि घरी जायचं. सगळा हॉल मांडून झाला आणि दारं उघडायच्या आधी एकटीनं त्यातून चालत गेलं की मला दर वेळी छाती भरून यायची. हजारो माणसांचे कपडे, औषधं, पापड, परकरांत गुंडाळलेल्या गोव्याच्या बाटल्या, सगळं गप्प बसून मालकाची वाट बघत असायचं.

पण जहाज पूर्ण रिकामं झाल्याशिवाय नवे प्रवासी चढवता येत नाहीत. दुपारी हेच जहाज पुन्हा निघणार होतं. सगळे रंग उतरत आले होते, आणि हिरव्या टॅगच्या हौसाबाई शेलार, मुक्काम जावळीचं खोरं, मांडी मोडायला तयार नव्हत्या.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "आजी, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीया?"

"मग काय झालं?"

"झोप न्हाई झाली पुरती."

मला हसू आलं. "घरी जाऊन झोपा की निवांत."

"घरी न्हाई लागत," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितल्यासारखं सांगितलं. माझं हसू तिथंच थांबलं.

संपत खालच्या आवाजात सांगू लागला. "बाबा गेल्यापासून हे असंच आहे. रात्र रात्र टक्क जागी असते. गावाला तसंच, माझ्याकडे वाशीला तसंच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, देवदेवस्की झाली. म्हटलं, समुद्राची हवा तरी दाखवू. आणि खोली मिळाली ती अगदी तळातली! खिडकी नाही, भिंतीपलीकडे इंजिन. रात्रभर आपलं घूंऽऽ चालूच. आम्हा नवराबायकोची डोकी उठली. मी तक्रार करायला निघालो होतो मॅडम, तर ही पहिल्या रात्रीपासून ढाराढूर! घोरत होती."

"घोरत न्हवते," आजी म्हणाल्या. "झोपले हुते."

त्या खिडकीतून खाली पाण्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातावर हात ठेवला. हाताची कातडी सुरकुतलेली, पण बोटं भलतीच मऊ होती.

"पोरी, ह्ये जहाज आज पुन्हा जानार नव्हं? मग मला बसू दे हितंच कोपऱ्यात. मी कुनाला तरास दिनार न्हाई. आज घरी गेले की पुन्हा त्येच. रातभर आढ्याकडं बघत पडायचं. लई लांब असती गं रात."

हॉलमध्ये रुसलेली पोरं, भांडणारे जावई, हरवलेल्या बॅगेसाठी आकाशपाताळ एक करणारे शेठ, सगळ्यांना सांभाळणारी मी, त्या म्हातारीचा हात हातात धरून तशीच उकिडवी बसले. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. आमच्या टोळीचा इस्माईल मुकादम बोलत होता.

"तांडेलबाई, खाली या. हिरव्याचा शेवटचा पिंजरा धक्क्यावरच अडकलाय."

"का? फोर्कलिफ्ट बंद पडली?"

"फोर्कलिफ्ट ठीक आहे, पण चालवणारा पळाला. बॅगेवर मधमाशा बसल्यात. दोनचार नाही हो, अख्खं मोहोळ!"

मी खिडकीशी गेले. खाली धक्क्यावर एकच पिंजरा उभा होता आणि त्याच्या भोवतीची माणसं लांब पांगली होती. पलीकडच्या जुन्या दगडी गोदामाच्या कौलांवरून धुरासारखं काहीतरी तरंगत येत होतं आणि पिंजऱ्यापाशी येऊन खाली बसत होतं. सकाळच्या उन्हात ते मधूनच चमकत होतं. पाण्यावर वाढलेली मी, पण असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. अंगावर शहारा आला, भीतीचा की कशाचा ते तेव्हा कळलं नाही.

"कुटं?" कानाशी आवाज आला. आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या. खुर्चीतून कधी उठल्या, कळलंच नाही. त्यांनी काचेला नाक लावलं. "आन् त्यो पाठीवर डबा घेतलेला बाप्या कोन?"

"औषध मारणारा. झुरळं, उंदीर यांच्यासाठी असतो बंदरावर. साहेबांनी बोलावला असेल."

आजींनी खुर्चीखालच्या वहाणा पायांत सरकवल्या आणि त्या चालू लागल्या. ज्या बाईला उतरवायला मी अर्धी सकाळ घालवली होती, ती जिन्यावर माझ्या आणि संपतच्या चार पायऱ्या पुढे होती.

खाली आमचे मॅनेजर डिमेलोसाहेब कपाळाचा घाम पुसत उभे होते. हॉलच्या काचेपलीकडे हिरव्या टॅगची मंडळी नाकं चिकटवून बघत होती. पिंजऱ्यात सगळ्यात वर एक तपकिरी कापडी बॅग होती, आणि तिच्या मुठीपासून अर्ध्या पोटापर्यंत मधमाश्यांचा घोस लोंबत होता. द्राक्षाचा भलामोठा घड असावा तसा, फक्त जिवंत. सगळा घोस एकदमच किंचित हलायचा, पुन्हा स्थिर व्हायचा. आणि आवाज! बारीक, अखंड, पायाखालच्या दगडातून आल्यासारखा.

"आये," संपत म्हणाला, "ही तर आपली बॅग! तुझी!"

आजींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. लोणच्याच्या बरणीत हात सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"काय ठेवलंयस आत?"

"कापडं."

"नुसती कापडं?"

"कापडंच म्हनायची," आजी म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे निघाल्या.

"ओ आजी! मागं व्हा!" डिमेलोसाहेब ओरडले. "तांडेल मॅडम, त्यांना आवरा. कुणाला डंख लागला तर? दुपारी नवे प्रवासी यायचेत. ए पंपवाल्या, मार औषध, संपव एकदाचं."

आजी गर्रकन वळल्या. "मारायचं काय त्यात? आवं, ही आग्या न्हाई, सातेरी हाय. गरीब जात. आन् घर सुटल्याली माशी डसत न्हाई साहेब. राखायला काय ऱ्हायलंय तिच्याकडं?"

"तुम्हाला काय माहीत?"

"माजा मालक मधपाळ हुता. लगीन हून आले त्या दिसापास्नं ह्यांच्यातच ऱ्हायलेय मी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी हुकूम सोडणारी बाई, पण आवाज एकदम पडला. "पोरी, मारू नका म्हनून सांग गं त्यांना. मला थोडं पानी दे आन् जरा येळ दे. मी घेऊन जाते समदी."

खरं सांगते, मला त्या माश्यांची मनस्वी भीती वाटत होती. पण त्या नजरेची त्याहून वाटली. त्यांच्या नवऱ्याबरोबर त्यांच्या आयुष्यातून जे काही गेलं होतं, त्यातलं काहीतरी त्या बॅगेवर येऊन बसलं होतं, एवढं मला उमजलं. मी पंपवाल्याच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, हे औषध इथं मारलं तर वास थेट हॉलमध्ये जाणार," मी म्हणाले. "नवे प्रवासी नाकाला रुमाल लावून चढतील आणि फोटो काढतील. त्यापेक्षा बघू या आजींना जमतंय का. हिरवी मंडळी तशीही काचेमागं खूश आहेत, बघा."

साहेबांनी काचेकडे पाहिलं. सगळ्यांचे फोन आधीच वर होते.

"माझा चहा संपेपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर पंप."

मी इस्माईलला सांगितलं, "साहेबांना चहा आण. चांगला उकळता आण." इस्माईलनं डोळे मिचकावले आणि तो मुद्दाम लांबच्या टपरीकडे चालू लागला.

आजींनी वहाणा काढल्या. स्वेटर काढून संपतच्या हातात दिला. बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन त्यांनी घोसावर फुर्रकन बारीक फवारा मारला. एकदा, दोनदा. माश्या आवरून बसल्या, आवाज खाली आला. मग त्यांनी उघडा हात सरळ त्या घोसात घातला.

काचेमागून कुणीतरी किंचाळलं. आजींचा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला आणि त्या आपल्या पिठात मीठ कालवावं इतक्या सहज आत काहीतरी चाचपत होत्या. तोंडानं पुटपुटणं चालू होतं, "सरा गं बायांनो, सरा जरा. तुमची थोरली कुटं लपलीया?" माश्या त्यांच्या कोपरापर्यंत चढल्या, दंडावरून फिरल्या, एक तर गालावर येऊन बसली. आजींनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"आये, जपून," संपत कुजबुजला. त्या दांडगोबाचे डोळे पाण्यानं भरले होते. "बाबा असंच करायचे मॅडम. अगदी असंच."

"सापडली," आजी म्हणाल्या.

हात बाहेर आला तेव्हा मूठ सैल मिटलेली होती. मला त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. मी कशी गेले ते माझं मला माहीत. बोटांच्या फटीतून त्यांनी दाखवली: इतरांहून लांब, काळसर, मंद चालणारी एक माशी. "राणी," त्या म्हणाल्या. "आता संपत, चेन उघड. भिऊ नको, तुज्या बापानं पाळली तीच जात हाय."

संपतनं बॅगेची चेन ओढली. ती आधीच अर्धी फाटलेली होती. आजींनी दुसऱ्या हातानं एकेक कपडा काढून, माश्या हळूच झटकून, धक्क्यावर टाकायला सुरुवात केली. लुगडी, टॉवेल, नातवंडांनी घेऊन दिलेली शंखांची माळ, सगळं दगडावर आलं. शेवटी तळाशी फक्त एक खाकी कोट उरला. जुनाट, कोपरांवर ठिगळं, पुढचा भाग मेणानं कडक होऊन चामड्यासारखा झालेला. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. धूर, मध आणि जुनं घर.

संपत बघतच राहिला. "आये! हा तर बाबांचा कोट! तू जाळला म्हणाली होतीस."

"तुज्या बायकूला वास सोसत नव्हता, म्हून तसं म्हनले." आजी खाली मान घालून म्हणाल्या. "जाळवंल का माज्यानं? उशाला घेते मी त्यो. काल रातीला बॅगा बाहीर ठिवा म्हनले, तवा ह्यो बी गेला बॅगंतनं. इसरले काडून घ्यायला."

चार दशकं त्या माणसानं मेणाचे हात त्या कोटाला पुसले होते. रात्रभर फाटक्या चेनमधून तो वास दरवळला असेल, आणि घर शोधत निघालेल्या त्या थव्याला बंदरातल्या हजारो बॅगांत तीच एक सापडली. हे मला कळलं तेव्हा मी खरोखर हात जोडले, कुणाला ते मला अजून सांगता येत नाही.

आजींनी राणीला कोटाच्या बाहीत सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. डिमेलोसाहेबांचा चहा आला होता, पण पेला ओठाशी तसाच थांबला होता. मग बाहीच्या तोंडाशी दोनचार माश्या शेपट्या वर करून पंख फडफडवू लागल्या. "हाका मारत्यात," आजी म्हणाल्या. आणि घोस सुटला. पण एकही माशी उडून गेली नाही. सगळ्या चालत निघाल्या. बॅगेच्या मुठीवरून, कडेवरून, आजींच्या हातावरून उतरून, एकीमागे एक, गर्दी न करता, कोटाच्या त्या काळोख्या बाहीत शिरत राहिल्या. जत्रा आटोपून आपापल्या दारी परतणारं गावच जणू. अख्खा धक्का बघत होता. मला वाटतं जहाजसुद्धा बघत होतं.

शेवटची माशी आजींच्या गालावरची. तिला त्यांनी बोटावर घेतलं आणि आत सोडलं. मग चेन ओढली, हवेला जागा ठेवून, आणि फटीवर सुती लुगड्याचा पदर गुंडाळला.

साहेबांनी चहा खाली ठेवला. तो थंडगार झाला होता. "नेणार कशी?" त्यांनी विचारलं, पण आवाजात मघाची जरब नव्हती.

"मांडीवर घिऊन," आजी म्हणाल्या. "वाशीला न्हाई जायाचं आता. संपत, गाडी सरळ गावाकडं घ्यायची."

"गावाला? आणि ह्यांना ठेवणार कुठे, आये?"

"कोनाड्यात."

मी विचारलं, "कुठल्या कोनाड्यात, आजी?"

"आमच्या निजायच्या खोलीची भित हाय ना, त्यात कोनाडा. मालकांनी लग्नाआधीच तितं मोहोळ बशिवलं हुतं. बाहीरनं माशीला वाट, आतनं फळकूट लावल्यालं. मी नवी नवरी, पयल्या राती भ्याले. ते म्हनले, भितीला कान लाव. लावला, तर आत समदं घूंऽऽ. तसंच झोपले. त्यानंतर सारा जलम त्या भितीला डोस्कं लावून झोपले मी. मालक गेले त्या साली माश्या बी रोगानं मेल्या. उरल्याल्या उठून गेल्या. तवापास्नं भित मुकी झालीया, पोरी. मुक्या भितीपाशी झोप येती व्हय कुनाला?"

मी त्या प्रचंड जहाजाकडे पाहिलं. तळातली, खिडकी नसलेली खोली, भिंतीपलीकडचं इंजिन. संपतकडे पाहिलं, तर तोही तिकडेच बघत होता. त्याला आता कळलं होतं, आई समुद्राच्या हवेनं झोपली नव्हती. त्यानं तोंडावर हात धरला.

"आये, मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? भित बोलत न्हाई म्हनून? डागदराकडनं येड्याच्या इस्पितळात न्हेलं असतंस."

"हिकडं ये," त्या मला म्हणाल्या. "लाव कान."

मी गुडघ्यांवर बसले. त्या तपकिरी बॅगेला, जिच्यावर अजून आमचा हिरवा टॅग लोंबत होता, मी कान लावला. आयुष्यभर मी बॅगा हाताळल्या. जड, हलक्या, फुटक्या, कुलूप तुटलेल्या. आतून एखादं घर बोलतंय अशी बॅग मात्र मी ती एकच ऐकली. तो आवाज कानातून छातीत उतरला आणि मला लहानपणी बापाच्या मचव्यात, तळाच्या फळीवर लागलेली झोप आठवली. उठावंसंच वाटेना. शेवटी इस्माईलनं खाकरून सांगितलं की नव्या प्रवाशांच्या गाड्या फाटकाशी आल्यात.

फाटकावरच्या रक्षकानं रीतसर विचारलं, "आजी, बॅगेत काय आहे?"

"घरची मानसं," आजी म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि त्यानं फाटक उघडलं.

संपतनं धक्क्यावरचे कपडे गोळा करून त्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याची बायको, पोरं हॉलमधून येऊन मागोमाग निघाली होती. बॅगेला मात्र आजींनी त्याला हात लावू दिला नाही. ती त्यांनी तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि चालता चालता मान वाकवून तिच्याशी काहीतरी बोलत होत्या.

मागे जहाजानं भोंगा दिला, नव्या प्रवाशांसाठी. सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळी ज्यांना त्या जहाजावरून उतरायचंच नव्हतं, त्या हौसाबाईंनी तेवढं मागे पाहिलं नाही.